बर्फाच्या कारखान्यातला श्वास

ताईला गाता येत नाही, हे रेकॉर्डिंगच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. एके काळी येत होतं, हे मात्र मोजक्याच लोकांना ठाऊक होतं. ऐन उमेदीत गळ्यात गाठ झाली, शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती घोगरी कुजबुज, फोनवर समोरच्याला वाटायचं की लाईन खराब आहे. गाण्याच्या जुन्या कॅसेट आईनं जपून ठेवल्या होत्या. त्या ताईनं स्वतःच्या हातानं नेऊन टाकल्या आणि गाण्याच्या नावानं कानाला खडा लावला.

पण सूर काही डोक्यातून जाईनात. मग ती दुसऱ्यांना गायला लावू लागली. बंद पडलेला एक बर्फाचा कारखाना तिला स्टुडिओसाठी भाड्यानं मिळाला. जाड भिंती, आतून बुचाच्या लाकडाचं अस्तर; बाहेर ट्रक उलटला तरी आत कळू नये. वायरिंग करायला जो माणूस आला, तो मशीनं लावता लावता तिथलाच झाला आणि वर्षभरात तिचा नवराही. त्यानं तिला ओळखलं ते त्या कुजबुजीसकट. आधीचा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

कुठलंही काम ताईला वर्ज्य नव्हतं. साबणाची जाहिरात, नाटकाचं पार्श्वसंगीत, शाळेची प्रार्थना, मुलांच्या गोष्टी, एवढंच काय, लिफ्टमधलं 'दार बंद होत आहे'सुद्धा तिच्याच स्टुडिओतलं. चाल तिची, कीबोर्ड तिचा, गिटार तिची. तबलजी आला नाही तर ठेकाही तीच धरायची. "तू एकदा माझी वायरिंगही करून टाक," नवरा म्हणायचा, "म्हणजे मी सुटलो."

लोक लांबून यायचे ते मात्र बूथसाठी. बूथ म्हणजे गायकाला उभं करायची काचेची छोटी खोली. तिथं बिचकणारा माणूसही पहिल्या फटक्यात सुरावर यायचा. असं का, हे एका नव्या गायिकेनं सांगितलं. गाऊन बाहेर आली आणि हसत म्हणाली, "ताई, तुमची ती युक्ती छान आहे हं."

"कुठली युक्ती?"

"सुरुवात करायच्या आधी हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतं ना, ती. आपोआप आपणही घेतो आणि बरोबर समेवर येतो."

ताईनं हसून वेळ मारून नेली. गायिका गेल्यावर तिनं रेकॉर्डिंग लावलं. आवाज पुरता चढवला आणि कान देऊन ऐकलं. गायिकेच्या श्वासाच्या किंचित आधी आणखी एक श्वास होता. लांबचा, बाईचा.

नवऱ्यानं माईक बदलला, केबल बदलल्या, बूथची दारं-भिंती ठोकून पाहिल्या. मग रिकामा बूथ बंद करून दोघांनी नुसती खोलीच रेकॉर्ड केली. श्वास होताच. मध्ये अडकून, पुन्हा उचलून घेतलेला. गाणं शिकवणाऱ्या बाई याच अडखळण्यावरून तिला रागवायच्या. "एका दमात घे गं, पायऱ्या चढल्यासारखा काय घेतेस!"

नवऱ्याला ती काही बोलली नाही. पण पुढचे कितीतरी दिवस ती एका चालीवर काम करत राहिली. कुणी सांगितलेलं काम नव्हतं. सगळी वाद्यं तिनं स्वतःच वाजवली, पट्टी ठेवली ती स्वतःच्या जुन्या गळ्याला बसेल अशी. शब्द एका कागदावर लिहून बूथमधल्या स्टँडला लावले.

"गाणार कोण?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही फक्त मशीन चालू करा."

भर दुपार होती. दोघं काचेच्या अलीकडे बसले. पलीकडे रिकामा बूथ, स्टँड, कागद. संगीत सुरू झालं, आणि बरोबर जागेवर तो श्वास आला. पाठोपाठ सूर. भरलेला, कोवळा, कुठंही न चाचरणारा. नवऱ्यानं ताईकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू व्हायच्या आधी आवाज थांबला. नुसतं संगीत वाजत राहिलं. मग स्पीकरमधून पावलं ऐकू आली, आणि बूथच्या जड दाराचं रबर सुटतं तेव्हा होणारा चिकट आवाज. दार उघडलं, दार मिटलं. दोघांची नजर त्याच दारावर होती. ते जागचं हललंसुद्धा नव्हतं.

"ही कोण होती गं?" नवऱ्यानं विचारलं. आणि लगेच, हावऱ्यासारखं, "पुन्हा लाव ना."

तिनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि ताईला, मनाला कितीही समजावलं तरी, मत्सर वाटत होता.

"मीच आहे ती," ती शेवटी कुजबुजली.

त्यानं डोळे उघडले. हसला नाही, वादही घातला नाही. "तो श्वास," तो म्हणाला, "झोपेत तू अगदी तसाच घेतेस. इतकी वर्षं शेजारी ऐकतोय आणि आत्ता लक्षात येतंय."

त्या दिवसापासून बूथ मुका झाला. गायक पूर्वीसारखे बिचकू लागले, ताईला एकेकाला चुचकारत उभं करावं लागलं. कामं थोडी घटली, पण स्टुडिओ चालू राहिला. ते अर्धं गाणं कानावर पडून एका दिग्दर्शकानं गायिकेचा पत्ता मागितला, फारच पिच्छा पुरवला.

"ती निघून गेली," ताईनं सांगितलं.

"कुठं?"

"तेच तर कळलं नाही."

थंडीतल्या एका सकाळी ताई दुकानातून घरी परतली. नवरा स्वयंपाकघरात, हातात चहाची गाळणी तशीच धरून उभा होता. चहा उतू जाऊन शेगडीवर सांडला होता.

"आत्ता आतल्या खोलीत कोण गुणगुणत होतं?" त्यानं हळूच विचारलं.

ताईनं पिशवी खाली ठेवली. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"मीच," ती म्हणाली, आणि गॅस बंद केला.