मूळ गाव: हेच

“हात काढ. माशावरनं हात काढ आधी. तू कुठचा रं?”

लुधियानाहून नुकताच राहायला आलेला एक साडेसहा फुटी गृहस्थ आमच्या सोसायटीच्या दोन नंबर गेटवर सुरमईचा कल्ला उचलून बघत होता. सुरमईने चावा घेतल्यासारखं त्याने बोट मागे घेतलं. “पंजाब,” तो शाळेत हजेरी दिल्यासारखा म्हणाला.

“मंग रावस घे. सुरमई तुला झेपायची नाय.”

त्याने रावस घेतला. न घेऊन करतो काय?

ही आमची मासेवाली. आमच्या कंपाउंडला लागून तळवली गाव आहे, तिथली. मला ती कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको. तिने गेटवर नुसतं “ए” म्हटलं तरी तिकडे तळोज्याच्या कारखान्यांत कामगार जेवणाची सुट्टी झाली समजून डबे उघडायचे. जगाला अरेतुरे. आमच्या बी विंगच्या जागी पूर्वी तिच्या सासऱ्याचं भातशेत होतं म्हणे. त्यामुळे लिफ्टने वर जाणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी भात तुडवत चाललेला असायचा.

गाव विचारल्याशिवाय ती मासा द्यायची नाही. सोसायटीत भाषा इतक्या, की लिफ्ट अडकली तर शिव्या द्यायलाही दुभाष्या लागतो. पण तिने सगळ्यांची वर्गवारी एका टोपलीत करून ठेवली होती. केरळवाल्याला बांगडा. बंगाल्याला मोठ्या माशाचं डोकं, आणि वर “मांजराच्या जन्माचं हाय, काटे पन ठेवत नाय” असा शेरा. तुमच्या गेटवरही असा एखादा मनुष्य असेल तर सांभाळून राहा.

मी कराडचा. “घाटी,” ती म्हणाली, “तुला काय मासा कळतो? कोंबडी खा.” सलग नऊ वर्षं तिने मला पापलेट विकलं नाही. समोर पापलेटं लखलखत पडलेली आणि माझ्या पिशवीत बोटभर मांदेली.

बायकोला टायफॉइड झाला तेव्हा मात्र ही बया खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण घेऊन चार मजले चढून आली. लिफ्टवर तिचा विश्वास नव्हता. दारातूनच ओरडली, “पोरीला पोसतोस का नुसता राबवतोस? टोप धुऊन धाड. साबन लावू नको, वास राहतो.” बायको तिसऱ्या दिवशी उठून बसली. टोपाला मी साबण लावला. मुद्दाम लावला.

मग मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. पहिल्याच बैठकीत ठराव केला: गेटवर बसणाऱ्या प्रत्येकाने अर्ज भरायचा. जौनपूरचा इस्त्रीवाला पास झाला, मंगळूरचा नारळवाला पास झाला. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिचा अर्ज मीच भरायला बसलो.

“मूळ गाव?”

“हेच.”

“सध्याचा पत्ता?”

“हेच.”

“मावशी, दोन्ही वेगळे लागतात. तुम्ही आलात कुठून?”

“घरून.”

कमिटी हसली. कमिटीतला प्रत्येक जण दोन गावांचा. शाळांना सुट्टी लागली की आमची निम्मी इमारत कुठे कुठे आपल्या गावाला निघून जाते. एकाच गावाचा माणूस आम्ही पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्याला कोणत्या रकान्यात बसवायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अर्जावर ‘माहिती अपूर्ण’ असा शिक्का मारला. तो शिक्का मी त्याच आठवड्यात करून घेतला होता आणि मारायला अजून कुणी सापडलं नव्हतं.

आता ती ओरडणार म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. तिने कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला.

“मंग बसू नको?”

“अर्ज पूर्ण होईपर्यंत नको.”

मला मजा वाटत होती. कशाला लपवू?

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पहिला आठवडा इतकी शांतता, की लोकांना आपापले शेजारी घोरताना ऐकू येऊ लागले. दुसऱ्या आठवड्यात बंगालीबाबू मोबाइलवरून मासे मागवू लागले आणि माशाचा फोटो चावल्यासारखं लागतं म्हणून चार किलो वाळले. लुधियानावाला मला रोज जिन्यात गाठायचा, “सेक्रेटरीसाब, वो आंटी किधर गयी?” त्यातच सी विंगमध्ये नवी बिऱ्हाडं आली. त्यांना कुणी गाव विचारलं नाही. ती कुठली आहेत, आम्हाला अजून माहीत नाही.

“तू घालवलीस, तूच आण,” बायको म्हणाली. तिने महिनाभर मला कोंबडीच वाढली होती.

शेवटी अर्ज मीच पूर्ण केला. मूळ गाव: तळवली. सध्याचा पत्ता: गेट क्रमांक दोन. सगळ्या कमिटीच्या सह्या घेतल्या आणि पाच मिनिटं चालत तिच्या घरी गेलो. नऊ वर्षांत त्या गल्लीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. ती ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. मी उभ्यानेच अर्ज वाचून दाखवला. ‘मंजूर’ हा शब्द दोनदा वाचला.

“तर मग उद्यापासून या, मावशी.”

तिने हातातली कोलंबी सोलून टोपात टाकली, पुढची उचलली.

“गेट तुमचं हाय,” ती म्हणाली. “तुमीच बसा.”