एझ्राकाकांची लाकडी जमीन

समस्त पनवेलकरांना, कामोठ्यापासून उरणपर्यंतच्या सर्व परिचितांना आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सुज्ञ वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, जुन्या पनवेलमधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर गेली चार वर्षं लागू असलेली चप्पलबंदी, आणि त्याच घरातून माझ्या तोंडावर घातलेली बोलबंदी, हे दोन्ही हुकूम संपुष्टात आले आहेत. कारण हुकूम काढणारे गृहस्थ आता नाहीत. एझ्राकाका गेले, त्याला पाच आठवडे झाले. लग्नांत आणि हळदीत माईक हातात धरून निवेदन करणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे गंभीर घोषणा मला सवयीनं जमतात. ही मात्र मी चार वेळा लिहिली आणि चार वेळा खोडली.

त्या सकाळी दूधवाला माझ्या दारात येऊन म्हणाला, "काका दार उघडत नाहीत." मी शेजारीच राहते. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. दार उघडून मी धावत जिना चढले, निम्म्यात थांबले आणि परत खाली आले... चपला काढायला! काय घडलंय याचा अंदाज आला होता, आणि तरी मी खाली येऊन चपला काढल्या. काका वर खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते, जमिनीवर दोन्ही अनवाणी पाय नीट जुळवून. चष्मा पुसून मांडीवर ठेवलेला. एवढे टापटीप गेले की रडायलासुद्धा थोडा उशीर झाला.

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. उरणच्या एका कारखान्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, मुलगी रिबेका लग्न होऊन तिकडेच राहिली. काकू गेल्यावर त्या दुमजली घरात काका एकटेच उरले. "आम्ही शनिवार तेली," ते ऐटीत सांगायचे. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं दिलेलं ते नाव. काकांनी जन्मात घाणा पाहिलेला नव्हता. पण भजी तळताना मी कढईत तेल ओतलं तरी मागून सूचना यायची, "तेल्याच्या घरात उभी आहेस, जरा बेतानं."

चार वर्षांपूर्वी रिबेकाचा फोन आला. पलीकडच्या प्लॉटवर इमारत होत होती आणि बिल्डरला काकांचीही जागा हवी होती. रिबेकाचं म्हणणं असं, की वरची लाकडी जमीन कुजली आहे, एखाद्या दिवशी पप्पा फळीतून पाय जाऊन पडतील आणि कुणाला कळणारही नाही. तेव्हा घर द्यायचं आणि पप्पांनी कामोठ्यात एखाद्या फ्लॅटमध्ये जायचं, नाहीतर तिच्याकडे. काका शांतपणे म्हणाले, "तू ये. त्या जमिनीवर मलिदा करू. तीस माणसं बसवतो. एक फळी जरी कुरकुरली तरी त्याच दिवशी सही करतो." मलिदा म्हणजे त्यांच्यात शुभकार्याला किंवा नवस फेडायला करतात तो विधी. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं ताटात रचायची, एलियाहू नबीचं नाव घ्यायचं, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी प्रसाद घ्यायचा. रिबेका शुक्रवारी दुपारी उतरणार, मलिदा रविवारी. हातात दिवस उरले एकोणीस, आणि पणाला लागलं होतं घर.

मी मदतीला गेले ती उत्सुकतेपोटी, आणि अडकले. पहिल्या दिवशी काकांनी मला सगळ्या खोलीभर टाचा आपटत चालायला लावलं. जिथे आवाज येईल तिथे ते खडूनं फुली मारत. एकवीस फुल्या झाल्या! मग सैल फळ्या खालच्या वाशांना नव्यानं ठोकल्या आणि प्रत्येक खिळ्याचं डोकं फळीच्या आत बसवलं, कारण एक डोकं वर राहिलं तरी घासायचा कागद टराटर फाटतो. पळस्प्याहून एक घासायचं मशीन भाड्यानं आणलं. काकांनी ते हौसेनं सुरू केलं, मशीन हातातून निसटल्यासारखं आडवं पळालं आणि दारासमोरच्या सागवानात ताटाएवढा खड्डा पडला. काका खड्ड्याकडे बघत बसले. मला हसू आवरेना, आणि हसायची तर सोय नव्हती. संध्याकाळी मशीन परत गेलं. मग पुढचे बारा दिवस सगळी खोली हातानं. गुडघ्याखाली उशी, लाकडी ठोकळ्याभोवती कागद, आणि नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर, आडवं कधीच नाही. आधी साठ नंबरचा कागद, मग ऐंशी, मग एकशेवीस, शेवटी दोनशेवीस. "साठ नंबर म्हणजे शिव्या," काका म्हणायचे, "आणि दोनशेवीस म्हणजे माफी मागणं." भुसा केसांत, भुवयांत, चहात. सगळं झाल्यावर त्यांनी माझी नायलॉनची ओढणी मागितली आणि फळ्यांवरून सावकाश ओढत नेली. जिथे धागा अडकेल तिथे अजून कूस आहे. ओढणीचं वाटोळं झालं. बुधवारी मात्र ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कुठेही न अडकता गेली, आणि पंचाहत्तरीचा हा माणूस खोलीच्या मधोमध उभा राहून चक्क लाजला.

शुक्रवारी सकाळी तेल. अळशीचं उकळलेलं तेल फडक्यानं फळीत जिरवायचं, थोडं थांबायचं आणि वर राहिलेलं कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. कोपऱ्यापासून सुरुवात करून मागे मागे सरकत दहाच्या सुमारास आम्ही जिन्यावर बाहेर पडलो. राखाडी झालेल्या त्या फळ्या मधासारख्या दिसत होत्या. काकांनी परसात दोरी बांधली, तेलाची आठही फडकी एकेक करून पसरून वाळत घातली आणि आंघोळीला गेले. मला एवढंच म्हणाले, "याला हात लावू नकोस."

आता बोलबंदी उठली आहे, म्हणून सांगते. मी हात लावला. परदेशातून मुलगी यायची, रविवारी तीस पाहुणे यायचे, आणि परसात तेलकट चिंध्या लोंबतायत... माझ्यातली गृहिणी उसळली. दुपारी काका डुलकी घेत असताना मी आठही फडकी गोळा केली, छान गच्च बोचकं बांधलं, गोणपाटाच्या पिशवीत कोंबलं आणि पिशवी लाकडी जिन्याखाली सारली. शिवाय परसही झाडून घेतलं. स्वतःवर इतकी खूश होते की घरी जाऊन शिरा केला.

चार वाजता रिबेका आली. बॅग ठेवायच्या आधी म्हणाली, "पप्पा, वरची जमीन दाखवा." काका म्हणाले, "रविवारी. तेल ओलं आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी लपवते आहे. "वर काही मोडलंय का गं ज्योती? खरं सांग." मी सांगितलं, नाही. तिला ते पटलं नाही, हे स्पष्ट दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लागला की काका शनिवारी रात्रीपर्यंत विजेच्या बटणाला किंवा गॅसला हात लावत नसत. ती कामं माझी. मी पाण्याची मोटार बंद करायला मागच्या दारानं आत आले तेव्हा पुढच्या खोलीत दिवा लागलेला होता, प्रार्थना संपत आली होती. आणि मला वास आला. जळलेल्या तेलाचा, कडवट, घशात बसणारा. जिन्याखाली वाकून पाहिलं तर पिशवीतून धूर निघत होता. जवळ ना काडी, ना विस्तव, ना विजेची तार. पिशवी आपली आपणच जळत होती! वर जिना लाकडाचा, त्याच्या वर सगळी खोली तेल प्यायलेली, आणि भिंतीपलीकडे रिबेका. मी, जी हजार माणसांपुढे तास तास बोलते, तिच्या तोंडून हूं का चूं निघेना.

काका कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा मोकळ्या दोरीकडे. मग खाली बसून ती पिशवी दोन्ही हातांनी उचलली. बाहेरची हवा लागताच ती भपकन पेटली. काका धावले नाहीत, ओरडले नाहीत. पिशवी अंगापासून लांब धरून परसात चालत गेले आणि तिथल्या पाण्याच्या पिंपात बुडवली. चर्रर्र आवाज झाला. मी वळून पाहिलं तर एक चिंधी जिन्याखालीच पडलेली, आणि तिसऱ्या पायरीच्या खालच्या बाजूला लाल कड धरलेली. काकांनी ओलं पोतं आणून तिथे दाबलं आणि दाबूनच धरलं. मी मनात आकडे मोजत होते... साठपर्यंत मोजलेले आठवतात. त्यांचे ओठ हलत होते. शिव्या होत्या की प्रार्थना, मी कधी विचारलं नाही.

"पप्पा? कसला वास येतोय?" रिबेका. पावलांचा आवाज.

काका आयुष्यात खोटं बोलले नव्हते, आणि त्या दिव्याच्या संध्याकाळी तर नक्कीच बोलणार नव्हते. ते पोत्यावर हात दाबून तसेच बसून राहिले. तेव्हा कुठे माझी वाचा परत आली. मी पुढच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, माझ्याकडे दूध करपलं! जाते बाई, पातेलं गेलं कामातून!" आणि पळत सुटले. घरी पोचल्यावर लक्षात आलं, ही बाई उद्या सकाळी बघायला येणार. म्हणून मी एक लिटर दूध गॅसवर ठेवलं आणि समोर उभी राहून नीट, मन लावून करपवलं. ती सकाळी खरंच आली. पातेलं बघून म्हणाली, "एवढं कसं जाळलंस?" मी म्हटलं, "जमतं मला."

रविवारी माणसं जमली. रिबेका सगळ्यांच्या आधी वर गेली, अनवाणी, आणि प्रत्येक फळीवर टाच दाबत चालत राहिली. आम्ही दाराशी उभे. कुठेही आवाज आला नाही. मग काकांनी मलिद्याचं ताट उचललं आणि त्यांच्या तळव्यांवरचे फोड तिला दिसले. "हे काय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनंच उत्तर दिलं, "एवढं घासलंत पप्पा? हातानं?" काकांनी ताट तिच्यापुढे केलं. बारा दिवस घासल्याचे गट्टेही तिथेच होते, ते काही खोटे नव्हते. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "ठीक आहे. राहा इथेच. ज्योती आहे शेजारी लक्ष ठेवायला, तिच्या भरवशावर."

माझ्या भरवशावर! मी उठून परसात गेले. काका मागून आले. मी म्हटलं, मी तिला सगळं सांगते. ते म्हणाले, "सांगितलंस तर ती मला घेऊन जाईल आणि तुझं तोंड बघणार नाही. माझ्या हयातीत बोलायचं नाही." आणि वर, "तेल कोंडलं की तापतं, एवढंच. आता तुला कळलं. आता तू निम्मी तेलीण झालीस."

त्यानंतर दरवर्षी दिवाळीनंतर जमिनीला तेल, आणि माझ्याकडे बघत बघत मोठ्यानं मोजत दोरीवर आठ फडकी. आणि ती चप्पलबंदी. जिन्यावर चपलेचा आवाज आला की वरून एकच शब्द सुटायचा, "पाय!" पोस्टमन, प्लंबर, डॉक्टर, कुणाला सूट नाही. डॉक्टर एकदा म्हणाले, तुमचं ब्लडप्रेशर या पायांपायी वाढतंय.

काका गेल्यावर रिबेका चौथ्या दिवशी पोचली. त्यांच्या रीतीप्रमाणे तीस दिवसांचा दुखवटा पाळला. गेल्या रविवारी जिन्याखालची अडगळ काढताना ती खाली वाकली आणि तिसऱ्या पायरीच्या पोटाला तळहाताएवढा कोळसा झालेला तिला दिसला. "हे काय गं?" मी सगळं सांगितलं. फडकी, पिशवी, पिंप, करपवलेलं दूध. ती त्या डागावर बोट फिरवत बसून राहिली. रागावली नाही, रडली नाही, आणि मला ना बसवेना ना उठवेना. तेवढ्यात बिल्डरचा माणूस आला. त्याला तिनंच बोलावलं होतं. आम्ही तिघं जिना चढलो. दाराशी मी चपला काढल्या, तिनं काढल्या. तो बूट घालून तसाच उंबऱ्यावर आला. मी खूण केली तर हसून म्हणाला, "ताई, पाडायचंच हाय ना सगलं? मंग बूट कशाला काढायचं?" आणि त्यानं एक पाऊल आत टाकायला उचललं. मी रिबेकाकडे पाहिलं. तिच्या बोटाला अजून त्या पायरीची काजळी होती. तिनं हात आडवा घातला, आणि हुबेहूब त्या आवाजात, सगळं घर दणाणेल असं ओरडली,

"पाय!"