सकाळी किती वाजता निघता?

"म्याडम, ह्यातनं माजी पोरगी काढून द्या."

समोरच्या माणसाने माझ्या टेबलावर मोबाईल ठेवला आणि असा चेहरा केला, जणू मी तो पान्याने उघडून आतली मुलगी त्याच्या हातात देणार. ती मुलगी त्याच्या मागेच उभी होती. सानिका, बारावी सायन्स. तो तिचा बाप, आप्पा. काष्टीच्या पलीकडच्या वस्तीवरून दोघं केडगावात माझ्या ऑफिसचा पत्ता शोधत आली होती.

मी कॉलेजांच्या वेबसाइट सांभाळते. म्हणजे कॉलेजने पाठवलेल्या नोटिसा, निकाल, स्नेहसंमेलनाचे फोटो साइटवर चढवते. लोकांना वाटतं याला फार डोकं लागतं. लागत नाही, आणि सगळी गडबड तिथेच होते.

आप्पांनी सांगितलं ते असं. चार दिवस पोरीला अनोळखी फोन येत होते. काल एकाने विचारलं, "आज पावणेसातच्या बसला निळी ओढणी तुझीच ना?"

"येत्या सोमवारपासनं हिचं कॉलेज बंद," आप्पा म्हणाले. "मोबाईल आजपासनंच माज्याकडं. पर बसचा टाइम त्याला कुनी सांगितला, येवडं सांगा."

"मॅडमनीच सांगितलाय," सानिका म्हणाली.

इथे पडदा पाडायची सोय असती, तर मी पाडला असता.

तिचं खरं होतं. कॉलेज मुलींचे एसटीचे पास एकत्र काढून देतं. त्याची यादी होती. नाव, गाव, थांबा, बसची वेळ, मोबाईल नंबर. कॉलेजच्या सेक्रेटरींनी पाठवली, मी चढवली. समोरचा चहा निवायच्या आत.

मी लगेच कीबोर्ड ओढला, यादी पानावरून काढली आणि जादूगारासारखे हात झटकले. "हे बघा. गेली."

सानिकाने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मोबाईल हातात धरला, सोडला नाही. तिने त्यांच्या हातातच त्यावर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादी जशीच्या तशी.

"मॅडम, तुम्ही लिंक काढली. फाईल सर्व्हरवर तशीच आहे."

सर्व्हर म्हणजे वेबसाइटचं गोदाम. लिंक म्हणजे दारावरची पाटी. मी पाटी काढली होती. दार सताड उघडं. बरं, फाईलला मी नाव दिलं होतं 'पास ३'. पोरीने 'पास २' आणि 'पास १' टाकून मागच्या महिन्यांच्या याद्याही काढून दाखवल्या. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण कान इतके गरम कधी झाले नव्हते.

"मंग दार लावा की," आप्पा म्हणाले.

तिन्ही फायलींना मी कुलूप घातलं. कायमच्या पुसायला कॉलेजचा होकार लागतो, म्हणून सेक्रेटरींना फोन लावला. त्यांना सगळे नाना म्हणतात. माणूस सरळ. कारभार उघड असावा, हा त्यांचा ध्यास. नोटीस बोर्डाची काचसुद्धा त्यांनी काढून टाकली होती, का तर तिच्यावर उजेड पडला की वाचता येत नाही.

"नाना, पासची यादी काढायला लागेल."

"का? चुकलीय का?"

"नाही. बरोबर आहे, म्हणूनच."

"मंग ऱ्हाऊ द्या. पोरगी कुटल्या बसला हाय ते आईबापाला घरी बसून दिसलं पायजे. आपल्याकडं लपवायसारखं काय न्हाई."

"मुलींना घाणेरडे फोन येतायत. आणि नव्या कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती पालकांना विचारल्याशिवाय—"

"कायदा दिल्लीचा, कॉलेज आपलं. सोमवारच्या मीटिंगात बोलू. तवर म्हयन्याची नवी यादी पाठवतो, ती तयार ठेवा."

स्पीकर चालू होता. आप्पा उठले.

"परत टाकनार न्हाई असं कॉलेजनं म्हनलं, तरच पोरगी बसमदी बसंल. न्हाईतर न्हाई."

सानिका हलली नाही. "मॅडम, मीटिंगला किती जण असतात?"

"सात."

"सगळ्यांचे नंबर आहेत तुमच्याकडे?"

"आहेत. देणार नाही."

ती पहिल्यांदा हसली. "आता शिकलात. मी लिहिते, तुम्ही पाठवा."

माझ्या कॉम्प्युटरवर बसून तिने एक ऑनलाइन फॉर्म बनवला. मग मैत्रिणींना विचारायचं होतं. मोबाईल तर जप्त. शेवटी आप्पांनी तो दोन्ही हातांत आरतीच्या ताटासारखा धरला आणि ती त्यावर वर्गाच्या ग्रुपला लिहीत राहिली. आप्पांचा चहा पार निवला, पण त्यांनी हात खाली घेतले नाहीत. अकरा जणींनी खाली नाव घालायला हो म्हटलं. चौघींनी नको म्हटलं.

"त्या का न्हाई म्हनल्या?" आप्पांनी विचारलं.

"ते विचारायचं नसतं आप्पा. आपलं भांडणच त्यावर आहे."

सोमवारी मीटिंगला मी एका कोपऱ्यात बसले होते. नानांनी मोबाईल लांब धरून फॉर्म मोठ्याने वाचायला घेतला.

"पारदर्शक कारभारासाठी समितीच्या सदस्यांची माहिती वेबसाइटवर द्यायची आहे. पूर्ण नाव. मोबाईल. सकाळी घरातून किती वाजता निघता? कोणत्या रस्त्याने? वाटेत एकटे असता का?" नाना थांबले. "ह्ये काय लावलंय? मी पाचला फिरायला जातो, कॅनॉलच्या कडंनी, एकटा. गावाला कशाला सांगू? उद्या कोन वाटंत हुबा ऱ्हायला म्हंजे?"

"माजी म्हातारी घरात एकटीच असती," दुसरे सदस्य म्हणाले. "मी कवा निघतो ते नेटवर टाकू व्हय?"

"खाली अजून आहे, नाना," मी म्हणाले.

खालचं त्यांनी मनात वाचलं. मला पाठ होतं. 'हेच सगळं आमच्या यादीत आहे. भरताना जिथे थांबावंसं वाटलं, तिथे आम्हीही थांबलो असतो. आम्हाला कोणी विचारलं नाही.' आणि त्याखाली अकरा नावं.

नानांनी चष्मा काढला. बराच वेळ तो धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

"कुटल्या पोरीला फोन आल्ते?"

"ते नाही सांगणार, नाना."

"बरोबर," ते म्हणाले. "मलाबी सांगू नका. पुसून टाका समदं. परत टाकायचं न्हाई. तसं लिहून घ्या, मी सही करतो."

फायली पुसल्या. सर्च इंजिन आपल्याकडे पानांची एक नक्कल ठेवतं, तीही काढण्यासाठी अर्ज केला. लोकांच्या मोबाईलमध्ये गेलेल्या प्रती मला परत आणता येणार नव्हत्या. ते मी आप्पांना स्पष्ट सांगितलं आणि माझी चूक होती, हेही. त्यांनी ऐकून घेतलं. सानिकाचा नंबर बदलला. फोन करणाऱ्यांचे नंबर दोघांनी जाऊन पोलिसांत दिले.

मंगळवारी सकाळी पावणेसातला आप्पांचा फोन आला.

"म्याडम, गेली बसनं. मोबाईल दिलाय तिला. तिनं त्याला पासवर्ड टाकलाय, मलाबी सांगितला न्हाई."

"मग?"

"बरं केलं," आप्पा म्हणाले. मग बस नीट वळली का ते बघायला म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तो फॉर्म सानिकाने मलाही पाठवला होता. मी तिसऱ्या प्रश्नाला थांबले.

आता कुठल्याही कॉलेजची यादी आली की पहिल्या ओळीत मी आधी माझं नाव, माझा नंबर आणि माझी वेळ घालून बघते. मग चढवते. बहुतेक याद्या चढत नाहीत. मॅडम हल्ली फार सावकाश काम करतात, अशी एका कॉलेजची तक्रार आहे. ती मी साइटवर टाकलेली नाही.