शंभराव्या नारळाची चाचणी

नारळाचा धंदा मी एसटीच्या टपावर पोती चढवून सुरू केला. भाव कसा पाडायचा हे मला कोणी शिकवलं नाही. त्यामुळे "सगळं टेस्ट केलंय, काका" एवढ्या वाक्यावर माल खपवणाऱ्याबद्दल मला काडीचा आदर नाही.

हा नवी मुंबईचा इंजिनिअर. मोबाइलवर मागणी आली की गाडीत किती नारळ चढवायचे त्याची चिठ्ठी काढणारा प्रोग्राम त्याने मला करून दिला. रीत मी त्याला नीट सांगितली होती: भरल्या शेकड्यामागे चार नारळ वर, फुकट. थोड्याच दिवसांत हरिहरेश्वरच्या मावशींचा फोन आला. देवळाच्या वाटेवर त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. मला कोणी ओळखत नव्हतं तेव्हापासून त्या माझ्याकडून नेमाने शेकडा घेतात.

"वरचे चार न्हाय आले. मोठा झालास व्हय रे?"

चिठ्ठी पाहिली. शंभर म्हणजे शंभरच. बाकीची शेकडेवाली गिऱ्हाइकं न बोलता दुसरीकडे वळली असतील. इंजिनिअरला फोन लावला.

"टेस्ट सगळ्या ग्रीन आहेत, काका. तुमच्या माणसानेच मागणीचा आकडा चुकीचा भरला असेल."

"माझ्या माणसाला शंभर लिहिता येतं."

"टेस्टिंगमधलं तुम्हाला नाही कळणार."

हे त्याने बोलायला नको होतं. पायथन नावाच्या प्रोग्रामच्या भाषेचे फुकटचे धडे मोबाइलवर शोधून मी दुकानातच बसलो. पहिलं उदाहरण बेरजेचं: दोन आणि तीन पाच होतात की नाही, हे दुसरा प्रोग्राम तपासणार. एवढ्यासाठी लोक पगार घेतात, म्हणून मी हसलो. पुढच्या धड्यात मास्तरने मुद्दाम बेरजेच्या जागी वजाबाकी घातली आणि तीच चाचणी हिरव्याची लाल झाली, म्हणजे नापास. तेव्हा हसू थांबलं. कानाशी हलवलेला प्रत्येक नारळ ज्याला चांगलाच वाटतो, तो नारळ पारखत नसतो. त्यापुढचा धडा असा, की जिथे नियम बदलतो तिथलाच आकडा आधी विचारावा.

मग मी इंजिनिअरच्या चाचण्या मागितल्या.

"त्या आम्ही क्लायंटला देत नाही."

"मग मीही पुढचं काम देत नाही."

आल्या. पन्नास तपासले होते, दीडशे तपासले होते, पाचशेही तपासले होते. शंभर सोडले होते. दीडशे नारळ आमच्याकडे कोण मागतं? मी तीन ओळी लिहिल्या: नव्व्याण्णवला वर काही नाही, शंभराला चार, एकशे एकला चार. मधली ओळ लाल. नियम त्याने शंभराच्या पुढे सुरू केला होता. फोटो काढून पाठवला.

"ओह, ही एज केस आहे, काका."

ज्या आकड्यावर माझं घर चालतं, ती याच्या लेखी कडेची भानगड. दुरुस्ती त्याने केली. त्याच्या हिरव्या खुणा मी पाहिल्याच नाहीत. माझ्याच तीन ओळी चालवल्या आणि त्या पास झाल्यावर मावशींचा पुढचा शेकडा स्वतः घेऊन गेलो.

"कॉम्प्युटर चुकला होता, मावशी. मागचे चारही आणलेत."

"कॉम्प्युटर तुझाच ना?"

आजवर मावशींनी माझा नारळ कधी मोजला नव्हता. त्या दिवशी गिऱ्हाइकांना थांबवून त्यांनी पहिलं पोतं ओतलं आणि एकेक नारळ कानाशी हलवून, मोजून बाजूला ठेवू लागल्या. मी उभाच. तेवढ्यात मोबाइल वाजला. इंजिनिअरचा मेसेज होता: "काका, काम आवडलं असेल तर पाच स्टार द्या."

मावशी तेव्हा दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडत होत्या.