हाडळ माझं आडनाव

“आता हिचं आडनाव ऐका,” साहेब म्हणाले आणि मला बोटानं खुणावून पुढं बोलावलं.

माझ्या हातात चहाच्या कपांचा ट्रे होता. बोईसरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये धाकट्या बाळाचं बारसं नुकतंच झालं होतं. बायका पाळण्याभोवती, पुरुष खुर्च्यांवर. साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरकडे समुद्राकाठी मोठं बांधकाम निघालं होतं. साहेब त्यावर इंजिनीयर. माझा बापूस तिथंच खडी वाहायचा. मी साहेबांच्या घरी धुणंभांडी करायची, बाळ सांभाळायची. वय सोळा-सतरा. नक्की ठाऊक नाही.

बारशाला साहेबांचे आईवडील पुण्याहून आले होते. वडिलांना सगळे आप्पा म्हणत, आईला माई. आप्पा शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. बाळाचं नाव त्यांनीच काढलं होतं. निरंजन. “ज्याला काळिमा नाही तो,” असं त्यांनी सगळ्यांना फोड करून सांगितलं. मग पाहुण्यांच्या आडनावांवर आले. जोशी म्हणजे ज्योतिष सांगणारा. पोतनीस म्हणजे खजिना सांभाळणारा. साहेबांच्या ऑफिसातला सातपाटीचा एक कारकून होता, तांडेल. आप्पा त्याला म्हणाले, “तांडेल! होडीचा नायक! वा!” तो कारकून खुर्चीत ताठ झाला. प्रत्येकाला आपापला अर्थ मिळाला. पेढ्यासारखा.

आणि मग साहेबांना मी आठवले.

“सांग की गं.”

“हाडळ,” मी म्हणाले.

खोली हशानं फुटली. पुरुष हसले, बायका हसल्या, कारकून सगळ्यात मोठ्यानं हसला. “पगारी हाडळ ठेवलीय आम्ही,” साहेब म्हणाले. कोणीतरी ओरडलं, “अहो, पाय बघा, उलटे आहेत का!” साहेबांची थोरली मुलगी पाच वर्षांची. ती खरंच वाकून माझ्या टाचा बघायला लागली. मी तिची वेणी घालायची रोज.

“पाठ पोकळ असते म्हणतात हाडळीची,” एक बाई म्हणाल्या. “फिर बघू.”

मी फिरले. हातात ट्रे तसाच. त्यांनी बोटाच्या पेरानं माझ्या पाठीवर ठोकलं. दार वाजवावं तसं. पुन्हा हशा.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, “तुमच्या लोकांत याचा अर्थ काय?”

“ठाऊक नाय.”

“ठाऊक नाही.” ते बाकीच्यांकडे वळले. “बघा. ज्याला आपल्या नावाचा अर्थ माहीत नाही, तो माणूस अजून अर्धाच आहे.”

मी कप गोळा केले. दुसरं काय करणार होते?

आम्ही वारली. बोईसरच्या पूर्वेला डोंगराखाली आमचा पाडा. पावसावर पिकणारा भाताचा तुकडा, तो संपला की मजुरी. आमच्यात पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. सोम्या, मंगळी, बुध्या. पोर ज्या दिवशी उजेडात आलं त्या दिवसाचं नाव. त्यात हसण्यासारखं काय आहे, मला आजवर कळलेलं नाही. पण माझं नाव ऐकून बाईंनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. बाई म्हणजे साहेबांची बायको. “हे काय नाव झालं? आम्ही तुला गंगू म्हणू. आधीची पण गंगूच होती.” जशी पायपुसणी. जुनी गेली, नवी आली, जागा तीच.

कामाला आलेल्या माणसानं नाव बाहेर वहाणांसोबत काढून ठेवायचं असतं, असंच तेव्हा मला वाटत होतं.

बारशानंतर घरात मी गंगूही राहिले नाही. थोरली मुलगी “हाडळ आली, हाडळ आली” म्हणत पळायची. बाई तिला रागावायच्या, पण ओठ दाबून. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका मला बघून पोरांना आत घ्यायच्या. आधी थट्टेनं. मग खरंच.

आणि मग बाळाला ताप आला.

दूध पोटात ठरेना. रात्रंदिवस किरकिर. पालघरच्या डॉक्टरनं औषध दिलं होतं, ते चालू होतं. पण माईंनी बोट माझ्याकडे वळवलं. “तिन्हीसांजेला हिच्या मांडीवर होता. मी तेव्हाच म्हणाले होते, असल्या नावाच्या बाईकडे मूल देऊ नका.”

तेच मूल महिनाभर माझ्याच मांडीवर झोपत होतं. त्याची शू-शी मी काढत होते. तेव्हा माझ्या नावाचा वास कोणाला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी मीठ, मोहरी, लाल मिरच्या बाळावरून उतरवल्या. मग मला मागल्या दाराच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं. मुठीतल्या मिरच्या-मोहरी माझ्या तोंडाभोवती फिरवल्या.

“म्हण,” त्या म्हणाल्या. “मी हाडळ, मी या बाळाला सोडलं.”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावून मान वळवली. आप्पा आत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज मी ऐकला. साहेब दाढी करता करता बाहेर आले. गालाला साबण. दिवसभर यंत्रांशी बोलणारा माणूस. तो म्हणाला, “म्हण गं. म्हाताऱ्या माणसाच्या मनाचं समाधान. काय जातं तुझं?”

काय जातं माझं.

आमच्या पाड्यात एक म्हातारी होती. मी लहान असताना एका घरातला पोरगा मेला. भगतानं, आमच्या मांत्रिकानं, दाणे टाकून त्या म्हातारीचं नाव काढलं. म्हणाला, ही भुताळी, पोरं खाणारी. आमच्याच माणसांनी तिला झाडाला बांधून मिरच्यांचा धूर दिला. तिला सांगितलं, कबूल कर, सोडतो. धुरानं तिचा जीव कासावीस झाला आणि ती म्हणाली, “मीच खाल्ला.” मग कोणी तिला सोडलं नाही. तीच म्हणाली ना, मीच खाल्ला! तिला पाड्यातून हाकलली ती कोणाला पुन्हा दिसली नाही. तेव्हा मला माझ्याच लोकांची किळस आली होती. आमच्या लोकांना अडाणी म्हणतात. आणि इथं, विजेचे दिवे लागलेल्या घरात, संस्कृत जाणणाऱ्या घरात, तीच मिरची, तीच कबुली. फक्त दाराला जाळीचा पडदा.

जवळच सार्वजनिक नळावर आमच्या पाड्यातल्या दोघीजणी भांडी घासत होत्या. त्यांचे हात थांबले होते. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं असतं, तर संध्याकाळी पाड्यात माझ्याआधी माझा शब्द पोचला असता.

“म्हणतेस का नाही?” माईंनी माझा दंड धरला.

“नाय,” मी म्हणाले.

“काय?”

“नाय म्हणणार. हाडळ माझ्या बापसाचं आडनाव हाय. त्याच्या बापसाचं हाय. तुमच्या पोराला ताप हाय, त्याला डाक्टरकडे परत न्या. मी काय सोडू? मी धरलाच नाय त्याला.”

माईंचा हात सुटला. साहेबांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. ते म्हणाले, “फार बोलायला लागलीस. उद्यापासून येऊ नकोस. आणि बापालाही सांग, कामावर यायचं नाही.”

मी भांडी अर्धी घासून ठेवली होती. तशीच ठेवली. चालत पाड्यावर गेले.

माझी आयस भाकरी थापत होती. ऐकून तिनं कपाळावर हात मारला. “तोंड धरवलं नाय तुला? बापसाचं काम घालवलंस.” बापूस दिवस मावळता आला. त्याला मुकादमानं तिथंच सांगितलं होतं. तो ओट्यावर बसला. मग विचारलं,

“म्हटलंस का ते?”

“नाय.”

“मग जेव.”

एवढंच. त्या वर्षी आम्ही सगळे वैतरणेच्या खाडीवर रेती काढायला गेलो. कमरेएवढ्या पाण्यात. बापसाचे पाय सुजले. तो एकदाही म्हणाला नाही की तुझ्यामुळं.

परत आलो, तेव्हा एक दिवस पाड्याच्या तोंडाशी साहेबांची जीप आली. बाई उतरल्या. हातात जुनं पातळ. “बाळ त्याच आठवड्यात बरं झालं गं,” त्या म्हणाल्या. “माई-आप्पा गेले पुण्याला. मुलं तुझी आठवण काढतात. गंगू, ये ना परत.”

“गंगू इथं कोण नाय.”

त्या हसल्या. समजूतदार हसू. “बरं, चुकलं. तुझं खरं नाव काय होतं गं?”

दीड वर्ष मी त्यांची उष्टी काढली होती. त्यांना बाळंतपणात न्हाऊ घातलं होतं. मी पातळाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि घरात गेले. नाव सांगितलं नाही. इथंही सांगत नाही. ते हाक मारणाऱ्यांचं आहे, चघळणाऱ्यांचं नाही.

त्या जूनमध्ये मी धाकट्या बहिणीला शाळेत घातलं. गुरुजी माणूस बरा होता. आडनाव ऐकून हळूच म्हणाला, “पोरीचं पुढं हसं होईल. मी दुसरं काहीतरी लावतो. तुमच्यातले पुष्कळजण लावतात.”

“नको.”

“अगं, तिच्या भल्यासाठीच सांगतोय. या शब्दाचा अर्थ चांगला नाही.”

“अर्थ तुमचा हाय, गुरुजी. आडनाव आमचं हाय. पोरं हसली तर पोरांना शिकवा. त्यासाठीच बसलाव ना तुमी इथं?”

त्यानं लिहिलं. लिहून होईपर्यंत मी हलले नाही.

पहिल्याच दिवशी बहीण रडत आली. वर्गातली पोरं अंगावर धावली होती, ‘भो’ करून. आयस म्हणाली, नको धाडूस. मी तिला जवळ घेतलं नाही. डोळे पुसले नाहीत. म्हटलं, रडायचं ते आज रडून घे. उद्या हजेरीत नाव आलं की उभी राहा आणि ओ दे. पुटपुटायचं नाही. मागच्या बाकावरच्याला ऐकू गेलं पाहिजे. तो हसला तर पुन्हा दे. रोज दे. त्यांचं हसणं थकेल. आपण थकायचं नाही.