ज्यानं बांधली, त्यानंच सोडायची

चेन्नईजवळ आवडीला मावशीकडे गेले तेव्हा पिशवीत कॅन्सरची माहिती देणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं होती. मजकूर माझाच: हाडांचे, स्नायूंचे कॅन्सर एकूणात दुर्मीळ, पण हाडाचा होतो तेव्हा बरेचदा वाढत्या वयात, गुडघ्याच्या आसपास. रात्री दुखत असेल, सूज असेल तर चोळू नका, एक्स-रे काढा. आपल्याकडची मुलं डॉक्टरपर्यंत उशिरा पोचतात, हेही ठळक अक्षरांत. 'दुर्मीळ' या शब्दाचा मला राग येतो. अहवालात तो ठीक आहे. ज्या घरात दुखतंय तिथे त्याचा अर्थ एवढाच होतो, की आपल्याला नाही होणार.

मावशीची मुलगी दहावीत. खोखोत पडली, गुडघा सुजला, तशी काकांनी तिला हाडवैद्याकडे नेलं. त्यानं तेल चोळून, बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली. सूज उतरेना, म्हणून महिनोन्महिने पुन्हा तेल, पुन्हा पट्टी. ती त्यानंच सोडायची. मध्येच कुणी हात लावला तर म्हणे हाड वाकडं बसतं. काकांचा मोडलेला हात त्यानंच नीट केलेला, त्यामुळे वाद घालणं अवघड. मी तरी घातला.

"पत्रकं वाटून कुणी डॉक्टर होत नाही," काका म्हणाले. मावशीनं माझ्या पानात आणखी भात वाढला, म्हणजे गप्प बस.

मुलगी सांबार-भात नुसता चिवडत होती. "अक्का, रात्री दुखतं ते पट्टीनं की आतून, कसं कळायचं?"

"सोडल्याशिवाय नाही कळणार."

ती लंगडत आत गेली आणि दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेऊन आली. काका नको म्हणाले, पण उठले नाहीत. पट्टी पडली. गुडघ्याच्या वर सूज टणक झाली होती, कातडी ताणून चकाकत होती. मावशीनं तोंडाला पदर लावला. काका रिक्षा बघायला खाली गेले.

एक्स-रे झाला, स्कॅन झाला, गाठीचा तुकडा तपासणीला गेला. चोळल्यामुळे झालं का, असं काकांनी विचारलं. त्यानं झालं नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण महिने गेले. आधी केमो, पाय वाचवता येईल का, ते नंतर कळेल.

"आणि मी?" मुलीनं विचारलं.

"त्याच्यासाठीच तर हे सगळं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

केमो सुरू आहे. शेजारी विचारायला आले की काका अजून 'फ्रॅक्चर' म्हणतात. ती आतल्या खोलीतून तमिळमध्ये मोठ्यानं सांगते, हाडाचा कॅन्सर. काका तिला अडवत नाहीत. पायाचं काय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.