आधी बल्ब, मग डबा

मेन स्विच चालू असेपर्यंत माझ्याकडे कामाला असलेला बल्बदादा निर्धास्त असायचा. स्विच पाडला की सावध व्हायचा. पॅनेलमधले कपॅसिटर, आमच्या भाषेत डबे, लाइट बंद केल्यावरही करंट पोटात धरून बसतात. बाकीचे कारागीर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी उडवायचे आणि मोकळे व्हायचे. दादाला ते मंजूर नव्हतं. लाकडी पट्टीवर एकामागे एक जोडलेले दोन बल्ब हे त्याचं हत्यार. वायरी डब्याच्या टोकांना लावायच्या. बल्ब क्षणभर पेटून विझले की डबा रिकामा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी बोललो नसतो. पण हा आधी बल्ब प्लगला लावून पेटतात का बघणार, मग डब्याला लावणार, मग परत प्लगला. वर पाच मिनिटं बिडी ओढून सगळं पुन्हा पहिल्यापासून. "डबा परत भरतो, भाऊ. जित्ता शे तो." मूळचा धुळ्याकडचा. सुरतेत वीस वर्षं काढली, तरी तोंडातला 'शे' गेला नव्हता.

मी परभणीहून एका पिशवीनिशी आलो आणि हाताने पॅनेल दुरुस्तीचा धंदा उभा केला. दुसरा दोन तास मागतो तिथे मी अर्ध्या तासात मशीन चालू करून द्यायचो. वेळ हाच माझा सौदा होता, आणि दादा तोच बिडीत उडवायचा.

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलचं वर्षभराचं काम मी महिनाभर घासाघीस करून पदरात पाडत आणलं होतं. त्याआधी परीक्षा म्हणून त्यांनी एक पॅनेल दिलं. मॅनेजर घड्याळ बघत उभा. किती वेळ लागेल, हे त्याने गुजरातीत विचारलं, "केटली वार, भाई?" मी म्हणालो, "अर्धा कलाक." दादा बल्ब घेऊन प्लग शोधायला निघाला. मी पट्टी त्याच्या हातातून ओढली आणि वायरी थेट डब्याला लावल्या. बल्ब पेटले नाहीत. "बघ, रिकामा आहे," म्हणत मी पाना घेऊन हात घातला.

दादाने माझ्या हातावर चापट मारली. सणसणीत. मॅनेजरसमोर, चार कामगारांसमोर. पाना खाली पडला.

मग तो शांतपणे प्लगपर्यंत गेला. तिथेही बल्ब पेटेनात. सकाळी रिक्षातून पट्टी असलेली हत्यारांची पेटी मीच आदळत उतरवली होती. एकाची तार तुटून तो मेला होता, म्हणून दुसराही पेटत नव्हता. "बल्ब मरेल शे, भाऊ. डबा नाही." स्टोअरमधून नवा बल्ब येईपर्यंत तास गेला. तो बसवून, प्लगला पेटवून दादाने वायरी डब्याला लावल्या. दोन्ही बल्ब भक्कन पेटले आणि विझले.

काम दुसऱ्याला गेलं. परतताना मी रस्ताभर ओरडत होतो. कामाचं जाऊ दे, पण मालकावर हात उचलतोस? चार माणसांत? माफी माग!

दादा मला पेटी आदळल्याबद्दल बोलला असता, उलट शिव्या दिल्या असत्या, तर मी निभावून नेलं असतं. तो म्हणाला, "चुकलो, भाऊ." महिनाअखेरीस बारडोलीकडे साखर कारखान्यात लागला. पट्टी माझ्याकडे ठेवून गेला.

आजही मी आधी बल्ब प्लगला लावतो, मग डब्याला, मग परत प्लगला. प्रत्येक वेळी संताप होतो. हातावरच्या चापटीचा आता नाही, स्वतःचा. मी माफी मागायला लावली, त्याने मागितली, आणि मी ती घेतली.